न चिकटवता

गणपती पेठेच्या मागच्या बोळात
हळदीचं गोदाम होतं, तिथं आता जिम.
मिरजेहून टेम्पोत रबर घेऊन आलो,
एकशे ऐंशी फरश्या, पंधरा एमएमच्या,
काळ्या, अंगावर निळे ठिपके,
आणि टायरच्या दुकानाचा वास.

पहिली रात्र फरश्या नुसत्या पसरून ठेवायच्या.
गठ्ठ्यातून सुटलेलं रबर अंग सैल सोडतं,
खोलीच्या उकाड्याची ओळख करून घेतं.
घाई केली की महिन्याभरात फुगे येतात,
मग गिऱ्हाईक फोन करतं,
आणि मी उचलत नाही.

सकाळी सोम्यानं कोबा धुवायला घेतला.
पहिलं पाणी पिवळं. दुसरं पिवळं.
पाचव्या बादलीला म्हणाला,
"उस्ताद, ह्या जमिनीचं लगीन कधी धरलंय?"
भेगाभेगांत मुरलेली हळद,
ग्राइंडर फिरवला तर धुरळा उठला,
दुपारी चहावाल्यानं आम्हा दोघांना
नवरदेव म्हणून हाक मारली.

भिंतीवर एक मळकट रेघ होती,
माझ्या खांद्याच्या वर दोन बोटं.
इतकी सरळ, की वाटलं
आपल्याआधी कुणीतरी दोरी मारून गेलंय.
"ती कृष्णेची," जिनमती मगदूम म्हणाली.
जिम तिचं. तळहात घट्ट्यांनी भरलेले.

मी गोंदाचा डबा उघडला.
"चिकटवू नका. सुट्ट्या बसवा."
ताई, वजनं पडणार, सांधे सरकतील.
"सरकू देत की. कडेला पट्टी मारा.
पुलावरची पट्टी चाळीस दाखवायला लागली
की आम्हाला एक रात्र मिळते.
तेवढ्यात हे सगळं माळ्यावर गेलं पाहिजे."

वीस वर्षं मी जमीन घट्ट करायचे पैसे घेतोय.
उचलता येईल अशी जमीन
कुणी मागितली नव्हती.

एक फरशी पावणेचार किलो.
तिनं तिथल्या तिथं गुणाकार केला,
"पावणेसातशे. पोरी मिळून चढवतील."
आणि हसली, जसं काही
पूर म्हणजे जास्तीचा एक सेट.

मग सोम्या पालथ्या फरश्यांवर
पांढऱ्या रंगानं नंबर घालत बसला.
ओळी दहा, प्रत्येकीत अठरा.
क ख ग घ ङ, च छ ज झ ञ.
सातवीत शाळा सोडलेला सोम्या,
"ङ आणि ञ ला," म्हणाला,
"आयुष्यात पहिल्यांदा काम लागलं."
मधोमध निळ्या दोरीची फुली,
तिथून चारी दिशांनी बाहेर,
भिंतीपाशी बोटभर फट,
कारण उन्हाळ्यात रबरही श्वास घेतं.
ब्लेड पाण्यात बुडवून कापायची,
नाहीतर अडते.

संध्याकाळी तिचे आण्णा येऊन दारात टेकले.
याच गोदामात तोलाईदार होते,
आता कानानं जवळजवळ गेलेले.
तिनं दांडीला चकत्या लावल्या,
छातीपर्यंत, डोक्यावर, क्षणभर तिथंच,
आणि सोडून दिली.
आवाज असा, जसं पोत्यावर पोतं पडावं.
आण्णांनी अनवाणी पाय जमिनीवर दाबला,
बोट वर केलं.
"लाभ."

"एक म्हणा की वो," सोम्या म्हणाला.
"मापाला एक नसतो, पोरा."
तिनं पुन्हा उचलली.
"दोन," आण्णा म्हणाले.

बिलातून गोंद कापला.
उघडलेला डबा दुकानदार परत घेत नाही,
तो घरी पलंगाखाली आहे, वर साय धरलेला.

मी मिरजेचा, माझा काय संबंध,
तरी पावसाळ्यात सकाळी उठून
पुलाचा आकडा बघतो. एकोणतीस. तेहतीस.
ञ-अठरा दाराच्या खांबाला कापून बसवलीय,
ती फिरवली तर बसत नाही.
हे तिला सांगायचं राहिलं.